देवमाशाच्या देखत

मोहाडीच्या आठवडी बाजारात मी जिच्याकडून मासे घेतो, त्या बाईचं नाव मला अजून ठाऊक नाही. गिऱ्हाईकाने शंका काढायच्या आत ती माशाचा कल्ला उचकटून आतला लाल रंग दाखवते आणि वर आपल्यालाच विचारते, “आता बोला!”

त्या दिवशी ती माझ्या रोहूची खवलं काढत होती आणि मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होतो. कुठल्याशा किनाऱ्यावर अडकलेलं पिल्लू समुद्री प्राण्यांच्या दवाखान्यात आणलं होतं. चार माणसं छातीभर पाण्यात उभी राहून त्याला वर उचलून धरत होती.

बाईने मान वाकडी करून पाहिलं. “कोनता मासा होय जी?”

“देवमाशाचं पिल्लू.”

“मंग धरून काहून राहिले? मासा बुडते का?”

“हा बुडतो. श्वास घ्यायला वर यावं लागतं. खरं तर तो मासाच नाही, आईचं दूध पितो.”

“अन् देव?”

“देवही नाही.”

“देव नाही, मासा नाही, अन् नाव देवमासा!” ती खळखळून हसली. मग म्हणाली, “लेकरू होय मंग ते.”

मी शाळेत सस्तन प्राणी शिकवायला दोन तास घेतो.

मागची गिऱ्हाईकं कुरकुरू लागली. “थांबा जी, वाचते का पाहू द्या मले,” असं म्हणून तिने त्यांना गप्प केलं. शेवटी पिल्लाने शेपूट हलवली आणि ते आपलं आपण पोहू लागलं. बाईने सुस्कारा सोडला, रोहू उचलला, विळ्यावर पाय ठेवला आणि थांबली.

“फोन पालथा करा, भाऊ. त्याच्या देखत कसा कापू?”