कोक्याच्या जंगलाकडेची विहीर

मार्च संपत आला की आमच्या साताऱ्यातली माणसं महाबळेश्वराची वाट धरतात. मी आणि माझी नणंद मीनल यंदा नेमक्या उलट्या दिशेला गेलो, ऐन उन्हात, भंडारा जिल्ह्यात. घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं. कारण होती सुषमा. सुषमा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. काही वर्षं ती आमच्या शेजारी भाड्यानं राहायची, मग बदली होऊन आपल्या मुलखात, लाखनीला परतली. तिचा मोठा भाऊ कोका अभयारण्याच्या कडेच्या गावात शेती करतो. दर फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, "ये ना एकदा. मोहा पडून राहिला, वासानं जंगल भरलं आहे." शेवटी मीनलनंच तिकिटं काढली. ती हायस्कुलात खेळाची शिक्षिका. नवा कॅमेरा घेतला होता आणि तिला वाघ पाहिजे होता.

साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं थेट जाता येतं. वेळ भरपूर लागतो, पण गाडी बदलायची कटकट नाही. भंडाऱ्यासाठी 'भंडारा रोड' स्टेशनला उतरायचं आणि हे स्टेशन आहे वरठी गावात, शहरापासून थोडं लांब, हे आधीच लक्षात ठेवा. आम्ही उतरलो तेव्हा पोलाद कारखान्याची पाळी सुटत होती. मोटारसायकली आणि सायकलींचा लोंढा ओसरेपर्यंत आमची रिक्षा जागची हलली नाही. रिक्षावाला म्हणाला, "आरामानं जाऊ ताई, जंगल काई पळून नाई जाऊन राहिलं."

पहिला मुक्काम लाखनीत, सुषमाकडे. हायवेवरचं गाव, रात्रभर ट्रकची घरघर. लांबच्या प्रवासानं आम्हाला त्यातही गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी तिघी ठरवलेल्या गाडीनं निघालो. हायवे सोडला आणि आवाज एकदम थांबला. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्येच एखादं तळं, त्यात पांढरे बगळे, आणि मग साग नि ऐन सुरू. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे जंगल आरपार दिसत होतं. पळस फुलून संपत आला होता. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथं हॉटेल नाही, होम-स्टे नाही, आम्ही पाहुण्या म्हणून गेलो होतो. तुम्हाला जायचं असेल तर भंडाऱ्यात किंवा साकोलीच्या बाजूला राहण्याची सोय होते.

सुषमाचे भाऊ देवानंददादा अंगणात उभे होते. "जय भीम, या जी," म्हणाले आणि हसले, तेव्हा फक्त उजवा गाल हसला. डाव्या बाजूला कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड व्रण होता आणि डावा डोळा नव्हता. सुषमानं कधी सांगितलं नव्हतं. मी नजर खाली वळवली. मीनलला ते जमत नाही. पाण्याचा तांब्या हातात घेत तिनं सरळ विचारलं, "दादा, हे कशानं झालं?"

"अस्वलानं. मोहा वेचाले गेलतो नाल्याकडं. तेही मोहा खाले आलतं. दोघंही वाकूनच होतो, एकमेकाले पाह्यलंच नाई. ते भेलं, मीही भेलो. त्याले नखं होते, मले नव्हते."

ते हे इतक्या सहज बोलले की आम्हाला हसावं की नाही कळेना. त्यांच्या पत्नी कुंदावहिनी मात्र हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

जेवणाला तांदळाचे आयते होते, म्हणजे जाळीदार पातळ धिरडी, आणि तळ्यातल्या माशांचा तिखट रस्सा. वहिनींनी मला विचारलं, "सांबार टाकू काय?" जंगलाच्या तोंडाशी बसून असा प्रश्न ऐकल्यावर मीनलचा घास हातातच राहिला. सुषमाला हसू आवरेना. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात!

तिसऱ्या दिवशी सकाळी सफारी. बुकिंग आधी ऑनलाइन करून ठेवा, अभयारण्याची साप्ताहिक सुट्टी तपासा, आणि जमल्यास सहा जणांचा गट करा, म्हणजे जिप्सीचा खर्च जड वाटत नाही. पहाटे गार वारा लागतो आणि नऊनंतर भट्टी, तेव्हा रुमालही हवा आणि टोपीही. आम्हाला चितळं दिसली, एक धिप्पाड रानगवा रस्ता अडवून बराच वेळ उभा राहिला, आणि पाणवठ्यावर रानकुत्र्यांची टोळी आली. वाघाच्या पंजांचे ठसे तेवढे धुळीत दिसले. मीनलनं परत येताना कॅमेरा पिशवीत टाकून दिला. मला स्वतःला ठसे पुरले. ते इतके ताजे होते की त्यांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

आता चौथा दिवस. खरं तर हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला.

सकाळी वहिनींबरोबर शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, मोहा वेचायला जायचं ठरलं होतं. दादा विहिरीवरची पाण्याची मोटार सुरू करायला पुढे गेले होते. आम्ही टोपल्या घेऊन निघणार तोच ते जवळजवळ धावतच परत आले. चेहरा पांढरा पडला होता.

"इहिरीत अस्वल हाय," म्हणाले. "आन् पाठीवर पिल्लू."

विहीर त्यांचीच. कठडा नसलेली, रुंद तोंडाची, उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेली. मोहाच्या झाडाकडे येताना मादी अंधारात पडली असावी. एका बाजूची दरड ढासळून आत दगडांचा ढीग झाला होता, त्यावर ती उभी होती. मी लांबूनच एकदा वाकून पाहिलं. काळ्या केसांच्या ढिगातून दोन छोटे कान वर आले होते. पिल्लू आईच्या पाठीचे केस घट्ट धरून बसलं होतं. तिच्या हुंकाराचा आवाज विहिरीतून घुमत वर येत होता.

दादांनी वनरक्षकांना फोन केला. ते येईपर्यंत अर्धं गाव जमलं. कुणी मोबाइल काढले, कुणी वरून खडे टाकू लागले. खडा पडला की ती भिंतीवर झेप घ्यायची आणि पुन्हा घसरायची. पिल्लू ओरडायचं.

शेजारचे एक म्हातारे दादांना म्हणाले, "तुहा डोळा घेतला त्या जातीनं. राहू दे तिले आत. कायले बोलावलं फॉरेस्टवाल्याईले?"

दादा म्हणाले, "मंग पाणी कोन्त्या इहिरीचं पिऊ, काका?" मग खाली विहिरीत पाहत म्हणाले, "आन् ते पिल्लू ओरडून राहिलं ना जी."

वनरक्षक आले, तिघं. त्यांनी बेत सांगितला. शिडी सोडायची, सगळ्यांनी दूर जायचं, आवाज अजिबात नाही, म्हणजे ती आपली आपण वर येईल आणि नाल्याच्या बाजूनं जंगलात जाईल. पण गावातली सगळ्यात लांब शिडीही निम्म्यापर्यंतच पोचत होती. मग दोन शिड्या एकमेकींना बांधल्या, गोठ्यासाठी आणून ठेवलेले दादांचे बांबू आडवे लावून घट्ट केल्या. एवढी जड शिडी सोडायला चार माणसं हवी होती आणि वनरक्षक तिघं. दादा पुढे झाले.

तेव्हा कुंदावहिनी ओरडल्या. तीन दिवसांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "तुमी काहून जाऊन राहिले? एकदा मरता मरता वाचले, तेवढं पुरलं नाई काय?"

"इहीर माही हाय," दादा म्हणाले.

"इहीर तुमची हाय, मंग मी कोनाची हाव?"

दादा परत आले, वहिनींच्या समोर उभे राहिले. हळू आवाजात काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वहिनींनी पदर तोंडाशी धरला आणि मान वळवली. दादा गेले.

गर्दी हटवायचं काम आमच्याकडे आलं. मीनलचा आवाज एरवी मैदान ओलांडून जातो. इथं तिला एक शब्दही न काढता शे-दीडशे माणसं मागे न्यायची होती! तिनं दोन्ही हात पसरले, बोट ओठांवर ठेवलं, जवळच्या तळ्याच्या पाळीकडे, म्हणजे मातीच्या बांधाकडे, बोट दाखवलं आणि आधी पोरांना ओळीत बसवलं. पोरं बसली म्हणून बाया बसल्या, बाया बसल्या म्हणून पुरुषांनाही बसावं लागलं. कॅमेरा घरीच राहिला होता. तिला त्याची आठवणही झाली नाही.

पाळीवरून दिसत होतं. चौघं विहिरीच्या काठाशी पोटावर पडून शिडी सोडत होते. मध्ये एकदा आतून मोठा हुंकार आला आणि शिडी जोरात हलली. वहिनींनी माझं मनगट धरलं. शिडी पुन्हा स्थिर झाली. चौघं वाकूनच मागे सरकले आणि वनखात्याच्या गाडीत जाऊन बसले.

मग फक्त वाट पाहणं. ऊन चढलं. एक तान्हं बाळ रडायला लागलं, तर त्याच्या आईनं त्याला छातीशी घेतलं. कुठंतरी मोहाची फुलं टपटप पडत होती, तेवढाच आवाज. मनात येऊन गेलं, ती वर आलीच नाही तर? किंवा वर येऊन आमच्याकडेच वळली तर?

आधी नखं दिसली. मग लांब मळकट नाक. ती काठावर आली आणि थांबली. पिल्लू पाठीवर तसंच चिकटलेलं. तिनं नाक उंच करून वास घेतला, आमच्या बाजूला, अगदी आमच्याच बाजूला. वहिनींची बोटं माझ्या मनगटात रुतली. मग ती वळली आणि घाई न करता, डुलत डुलत, नाला उतरून झाडांत गेली. पाळीवरचं कुणीच बराच वेळ उठलं नाही.

दादा गाडीतून उतरून आले. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्यांनी ती घेतल्यावर पाठीत एक धपाटा घातला. सगळं गाव हसलं. दादाही हसले. पण पाणी पिऊन झाल्यावर ते माझ्याशी बोलले, खरं तर कुणाशीच नाही. "माह्यावर त्या वक्ती जी आलती, तिच्या पाठीवर काय होतं, मी कुठं पाह्यलं होतं?"

शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही मोहा वेचायला गेलो तेव्हा दादा बरोबर निघाले. सुषमा चालता चालता माझ्या कानाशी लागली, "जखम झाल्यापासून दादा मोहाखाली आलेच नव्हते." झाडाजवळ येताना दादा टाळ्या वाजवत होते, खाकरत होते, मोठ्यानं बोलत होते, आम्ही येतोय हे जंगलाला कळावं म्हणून. मीही वाजवल्या. खाली मऊ, पिवळट फुलांचा सडा होता. हातांना दिवसभर गोड, थोडा आंबूस वास राहिला. वहिनी आमच्याकडे पाठ करून वेचत होत्या. दर थोड्या वेळानं मान वळवून दादा कुठं आहेत ते बघायच्या.

साताऱ्याला आल्यावर जो तो विचारतो, "वाघ दिसला का?" मीनल म्हणते, "नाही." पुढचं ती लगेच सांगत नाही, समोरचा बसेल तरच सांगते. माझ्या मनगटावरच्या खुणा दोन दिवसांत गेल्या. निसर्गासोबत राहणं म्हणजे शांत, हिरवं काहीतरी असं मी समजत आले होते. त्या पाळीवर बसून कळलं की त्यात भीतीही मुक्कामाला असते, आणि तरीही माणसं शिडी आणतात.

परवा कुंदावहिनींशी फोनवर बोलले. विहिरीला कठडा बांधून झाला. अस्वल पुन्हा येतं का, विचारलं.

"येते ना जी. मोहा हाय तोवर येते."

"आता भीती कमी झाली का?"

"भीती कायले कमी होईल?" त्या म्हणाल्या. "भीती हाय म्हणून तं टाळ्या वाजवत जातो. आता दोघंही वाजवतो."