राखणदाराचा रोट

पठारावर विमानतळ झाला तेव्हा सगुणची काजूची बाग कुंपणाच्या आत गेली आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीला, विनिताला, तिथे नोकरी लागली. बायको लवकर गेलेली. परक्या बागांत राबून त्याने पोरीला शिकवलं होतं.

बागेत जागेची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, दगड होता. सगुण दरवर्षी त्याला रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, ठेवायचा. कुंपण झाल्यावर तो तारेबाहेरूनच हात जोडू लागला, कारण विनिताने तसं बजावलं होतं. तिच्या सोबतच्या, विमानात सामान चढवणाऱ्या एका लोडरचा भाऊ गुरामागे आत शिरला, तर त्या लोडरलाच घरी बसवलं होतं.

यंदा मात्र राहवलं नाही, सगुण रोट घेऊन तारेखालून आत घुसला. जवानांनी धरून टर्मिनलवर आणला. विनिता त्याच भागातली म्हणून साहेबांनी ओळख पटवायला तिला बोलावलं. तिची बढती त्याच आठवड्यात ठरायची होती.

सगुणचा गुडघा फुटला होता. लेकीला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"ओळखता यांना?" साहेबांनी विचारलं.

"नाही," विनिता म्हणाली.

सगुणने कागदात बांधलेला रोट परक्या बाईपुढे धरावा तसा तिच्यापुढे धरला. "बाईनू, माका खंय न्हेवचा ता न्हेवा. रोट तेवढो राखणदाराक पावतो करा."

साहेब बघत होते. तिने पुडी घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पोलीस चौकीवर त्याला घरी कोण असतं असं विचारलं, तर कोणी नाही म्हणाला. शेवटी त्याचा शेजारी बाबली जाऊन त्याला सोडवून घेऊन आला. विनिताला वाटलं होतं, पाया पडलं, रडलं की बाप विरघळेल. पण तो घरी आलाच नाही, बाबलीच्या ओसरीवर राहिला. ती जेवण घेऊन गेली तेव्हा तिच्याकडे न बघता बाबलीला म्हणाला, "हिका सांग, घर चुकलंस. हिचो बापूस हांगा रवणा नाय."

विनिताला बढती मिळाली.

पावसाळ्यात सगुण तापाने गेला. ती धावत पोचली तोवर तिरडी बांधून झाली होती. बाबलीने तिला अंगणाच्या कडेलाच थांबवलं.

"लांबसून बघ," तो म्हणाला. "तसो शब्द दिलंय मी त्याका."

अग्नी बाबलीनेच दिला. विनिता लांबूनच बघत राहिली. दुपारची पाळी होती. ती कामावर गेली.