डोंगरावरची पेटी आणि हंडा

सूर्यमाळच्या उताराला एक पाडा आहे. कागदावर त्या पाड्याला विहीर आहे, म्हणून टँकर नाही. विहीर मार्चातच आटते, पण कागद आटत नाही. बाया दरीत उतरून झऱ्यावर करवंटीने हंडा भरतात. आम्ही संघटनेतल्यांनी पत्रकं काढली. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, तर तालुक्याचे साहेब म्हणाले, "हे याच गावचं कशावरून?" दरीत उतरायला मात्र तयार नाहीत.

म्हणून विमान. जव्हारच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा माझा मित्र थर्माकोलची रिमोटची विमानं उडवतो. पुढे कॅमेरा, आणि डोळ्यांना गॉगल लावला की आपणच उडतोय असं दिसतं. अडचण एकच : विमान दरीत उतरलं की मध्ये डोंगर येतो आणि चित्रात नुसत्या मुंग्या. त्यावर त्याने एक मुठीएवढी पेटी बनवली. ती डोंगराच्या धारेवर कमरेएवढ्या बांबूच्या टोकाला बांधायची. ती विमानाचं चित्र पकडते आणि पुढे गॉगलकडे फेकते. सकाळी तपासलं. बायांच्या हातातली करवंटीसुद्धा दिसली.

साहेब आले भर दुपारी. शाळेच्या ओट्यावर खुर्चीत बसले, गॉगल चढवला. विमान धार ओलांडून गेलं आणि मुंग्या.

"पेटी गेली," रिमोटवरच्या छोट्या पडद्यावर बघत मित्र म्हणाला. त्याने विमान मागे वळवून शाळेवर घिरट्या घालत ठेवलं. "पळ! अर्ध्या तासाचीच बॅटरी उरलीय."

मी धापा टाकत वर पोचले. पेटीवर ॲल्युमिनियमचा हंडा पालथा घातलेला. शेजारी पाड्यातली एक आजी बसलेली.

"आजी, हे काय केलंस!"

"अगं, तापली व्हती. हात लावला तं चटका. उन्हात फुटली असती ना तुमची पेटी."

"आणि पाणी?"

"हंडा हितं घातला, मंग पाणी कशात आणू? बसले राखण करत."

पत्र्याआडून चित्र कसं जाणार! मी संतापून हंडा ओढला. मग संताप माझ्यावरच वळला. साहेबांना पेटीबद्दल चार पानं लिहून दिली होती. पाड्यात कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. गावासाठी लढायचं आणि गावालाच विचारायचं नाही, ही आमची जुनी खोड.

खाली आले तर जीप सुरू झालेली.

"साहेब, झालं नीट. पाच मिनिटं फक्त."

"प्रयोग चांगलाय. पण दिसलं नाही ते अहवालात कसं लिहू?"

"मग चला चालत. अर्ध्या तासाची वाट आहे."

"बघू, पुढच्या दौऱ्यात."

जीप खोडाळ्याकडे वळली. गॉगल खुर्चीवर पडलेला. मित्राने विमान पुन्हा दरीत नेलं होतं. मी गॉगल लावला. चित्र लख्ख! झऱ्याभोवती सात बाया बसल्या होत्या, मध्ये एकच करवंटी फिरत होती. वरच्या वाटेने आजी रिकामा हंडा डोक्यावर घेऊन उतरत होती. ती पोचली आणि रांगेत सगळ्यांत शेवटी बसली.

"बॅटरी संपतेय," मित्र म्हणाला. "कोणाला दाखवायचंय अजून?"