पिवळे स्फटिक

आमच्या मॅडम स्टुलावर कधी बसल्या नाहीत. स्टुलावर त्यांची पर्स बसायची आणि त्या प्रयोगशाळाभर फिरायच्या. काचेच्या प्रत्येक तोटीवर नखानं टिचकी मारायच्या आणि विचारायच्या, "हवा कुठून शिरतेय?" शिरत नसली तरी विचारायच्या.

तुमच्याही ऑफिसात असं माणूस असेल. त्याच्या येरझाऱ्यांनी आपलाच जीव वर-खाली होतो.

मुलुंडच्या आमच्या छोट्या कंपनीत त्या फॉस्फरसवर काम करायच्या, मी त्यांची मदतनीस. नेहमीचा फॉस्फरस तीन किंवा पाच बंध करून असतो. यांचा कमी संयुजेचा; इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या मोकळ्या, ऑक्सिजन मिळाला की झडप घालणार. तो धातूला नीट जोडता आला तर नवा उत्प्रेरक हाती येईल, अशी त्यांची खात्री. म्हणून सगळं काम आरगॉन वायूत, हवा चुकवून. त्या फॉस्फरसमुळे त्यांच्या अंगाला कुजक्या लसणाचा वास यायचा. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली की हसून मला मालवणीत सांगायच्या, "नाक माझा कधीच मेला गो."

दीड वर्षानं एका दुपारी फ्लास्कच्या तळाशी पिवळे स्फटिक दिसले. मॅडम चक्क पाच मिनिटं एका जागी उभ्या राहिल्या. मग मीटिंगला जाताना मला सांगून गेल्या, तोटीला ग्रीस लाव, घट्ट बंद कर. उद्या गिऱ्हाईकाला नमुना द्यायचाय.

तेवढ्यात शाळेतून फोन आला, मुलीला ताप भरला होता. मी तोटी नुसती फिरवली आणि पळाले.

सकाळी फ्लास्कमध्ये पांढरी भुकटी होती.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, बंद कोणी केलं होतं? माझं तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "मी."

गिऱ्हाईक गेलं, काम थांबलं. मॅडमना कागद तपासायला टेबल-खुर्चीवर बसवलं. जिन्यात गाठून मी कबुली दिली.

"माहितेय. ग्रीसची नवी डबी सीलबंदच होती."

"मग सांगितलं का नाही?"

"तू अजून कायम नाहीस ना. मला काय, नोकरी मिळेल कुठेही."

त्या खुर्चीत त्यांचे पाय सतत हलायचे, टेबल थरथरायचं. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचं पत्र आलं.

शेवटच्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. फाटकासमोर बस उभी होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही, भराभर चालत वळणाआड गेल्या.

मागे साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. आत जाऊन खरं सांगायला दहा पावलं पुरली असती. मी खिडकीतच उभी राहिले.