पन्नास जहाजांची वही

चित्रांच्या एका वहीसाठी केलेला तो तपास मी अजून विसरलेलो नाही. मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मी तेव्हा सहायक निरीक्षक होतो. ऐंशीच्या घरातले एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर काठीने वाट चाचपत आत आले. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेलेली. म्हणाले, "साहेब, माझी जहाजं चोरीला गेली."

ठाणे अंमलदाराने हसू दाबलं. मी मास्तरांना खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. पूर्वी विलायती सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कार्ड घालत. पुढे त्यावर चित्रं आली, मागे क्रमांक आणि माहिती. संच पुरा व्हावा म्हणून लोक तीच सिगारेट ओढत राहत. धंदेवाल्यांची अक्कल काही आजची नाही. मास्तरांचे वडील आगबोटीवर खलाशी. स्वतः ओढत नसत, पण सोबतच्यांकडून मागून मागून त्यांनी पन्नास जहाजांचा संच पुरा केला होता. तो एका वहीत चिकटवलेला होता. मास्तर अलीकडे त्या वहीच्या पानांवरून हात फिरवत आणि एकेका जहाजाचं नाव सांगत. तीच वही नाहीशी झाली होती.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

ते थांबले. मग म्हणाले, "कोणावर नाही."

असं थांबणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक नाव असतं. मी खोदून विचारलं नाही. नमुना म्हणून त्यांनी दिलेलं एक जादा कार्ड ठेवून घेतलं.

आठवड्याने बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईने खबर दिली. "सायबानू, तो म्हातारो तांडेल घरात चित्रां वाळत घालता, सुकटीसारी!"

हा तांडेल मास्तरांचा लहानपणापासूनचा सोबती. जन्म मासेमारीच्या होडीचं सुकाणू धरण्यात गेलेला, आता रोज संध्याकाळी मास्तरांना पेपर वाचून दाखवणारा. त्याला ठाण्यात बोलावलं. दरडावून झालं, गोंजारून झालं. "माका काय म्हायत नाय," यापुढे गडी सरकेना. शेवटी मी ते जादा कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने जाळ्यांनी राठ झालेले हात लुंगीला पुसले आणि कार्ड कडांना धरून उचललं. चित्राला बोटसुद्धा लागू दिलं नाही.

"तांडेलानू, वही खंय आसा?" मीही मालवणीवर आलो.

म्हातारा ढसाढसा रडला. "बारके असताना ती चित्रां पेजेच्या खळीन मीच चिकटवलंय. त्या खळीक कसर लागली, वीस-एकवीस जहाजां खाल्ली. मास्तराक दिसणा नाय. उरलेली पाण्यान सोडवन, सुकवन गुपचूप परत ठेवतलंय. तेका सांगा नकात सायबानू, तो जीव सोडतलो!"

त्याच्या घरी पंचनामा केला आणि वही आणि तांडेलाला घेऊन मास्तरांकडे गेलो. फिर्यादीला माल दाखवून ओळख पटवायची असते. इथे दाखवणार काय? कागद वाचूनच दाखवायचा होता. तांडेलाने माझ्यापुढे हात जोडले. खरं सांगतो, उरलेल्या कार्डांचा आकडा गिळून टाकावा असं माझ्याही मनात आलं. पण कागद उघडला आणि वाचलं: एकोणतीस कार्डं शाबूत, बाकीची कसर लागून नष्ट, उरलेली वाचवण्यासाठी वही नेल्याचा जबाब.

मास्तरांनी चाचपडत तांडेलाचा हात धरला. "जहाजां बुडली तर बुडांदेत रे. पण आठ दिस मी तुका चोर समजलंय. ता आता कसा निस्तरू?"

तांडेल डोळे पुसत म्हणाला, "ता सायबान कागदार खंय लिवलाहा? सोड."

गैरसमजातून तक्रार, असा अहवाल पाठवून मी प्रकरण बंद केलं. दयेपोटी मी तो आकडा गिळला असता, तर वही का नेली हे मास्तरांना कधीच कळलं नसतं. मरेपर्यंत ते त्याच माणसाकडून पेपर ऐकत राहिले असते, आणि मनातून त्याला चोरच समजत राहिले असते.