गजऱ्यातली मिरची

तुम्ही तरी विश्वास ठेवा! लोक खोटं बोलून पचवतात. मी "खोटं बोलले, खोटं बोलले" म्हणून बोंबलत फिरले, तरी बोळिंजच्या आमच्या आळीत एकीने ऐकलं असेल तर शपथ!

झालं असं. आमच्या सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आळीतल्या आणखी तीन म्हाताऱ्यांबरोबर ओटीवर बसून गजरे करतात, तर एकदा मोगऱ्यात हिरवी मिरची ओवून ठेवली! वर मोरीत पडता पडता वाचल्या. माणिकपूरच्या डॉक्टरने चौघींनाही मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दिली, पण आमच्या बाई हलेनात. मी "करा" म्हटलं की त्या "नाय करनार!" पंचवीस वर्षं प्रत्येक गोष्टीत हेच चाललंय.

मोबाईलवर एक बाई सांगत होती, हट्टी माणसाला उलटं सांगा, आपोआप वळतो. म्हटलं, आपली शाळा चौथीपर्यंत, ही शिकलेली दिसते. शेजारी बसले, आवाज मऊ केला.

"आई, राहू दे ते ऑपरेशन. डोळ्याला हात लावायचा म्हणजे काय खेळ आहे?"

त्यांनी हातातला गजरा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. तू म्हनतेस तर नाय करत."

घ्या! मुहूर्त काढून ऐकलं बाईंनी!

संध्याकाळपर्यंत ओटीवरच्या बाकीच्या तीन म्हाताऱ्यांनीही आपापल्या तारखा रद्द केल्या. का? तर म्हणे, "मंदा तोंडाची फाटकी, पन खोटं नाय बोलनार. ती नको म्हनते म्हंजे कायतरी असनार."

"अहो काकी, मी खोटं बोलले!"

"आता असं बोलायला कोनी दम दिला तुला? नवऱ्याने?"

नवरा बिचारा दारात उभा. मला म्हणतो, "पण तूच नको म्हणालीस ना?"

डोकंच फिरलं माझं. सासूबाईंसमोर जाऊन बसले, ओरडायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "आई, मी वालीवला कामावर असते. मागे तुम्ही पडलात तर? मला भीती वाटते हो!"

त्यांनी चाचपडत माझा चेहरा शोधला. पदराने नाक पुसलं, लहान पोरीचं पुसावं तसं.

"मग असं सांगायचं, मंदे! रोज हवालदारासारखी हुकूम सोडतेस. पंचवीस वर्षांत एकदा गोड बोललीस म्हनून ऐकलं, तर तेच खोटं निघालं?"

आता बोला!

सासूबाई तयार झाल्या म्हटल्यावर बाकीच्या तिघीही निघाल्या; पुढच्या आठवड्यात चौघींना दोन रिक्षांत कोंबून माणिकपूरला नेलं. ऑपरेशनं झाली. दुसऱ्या दिवशी चौघी बाकावर ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या एका डोळ्यावर पट्टी. सासूबाईंनी माझा हात सोडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तारीख का चुकवलीत? अडवलं कोणी तुम्हाला?"

चौघी एका सुरात ओरडल्या. सगळ्यांत मोठा आवाज माझा हात धरलेल्या बाईंचा.

"मंदा!"