ईनीचं ताट

मुलाच्या लग्नात मी नाचले. अकोल्याच्या त्या लॉनच्या फाटकापासून मांडवापर्यंत, बँडच्या मागे, भर दुपारी, पैठणीचा पदर कमरेला खोचून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे दोन तासांनी माझी जी अवस्था झाली त्यावरून कुणाला वाटायला नको की मी दिवसभर तशीच होते. सकाळी अमरावतीच्या राजापेठेतून वऱ्हाडाची बस निघाली तेव्हापासून माझा पाय ठरत नव्हता. मूर्तिजापूरला चहाला थांबलो तर मी उगाचच बसभोवती एक चक्कर मारून आले. नवरा म्हणाला, "लग्न तुझं आहे का?" मी म्हटलं, "माझ्या लग्नात मला नाचू दिलं नव्हतं."

खरं कारण तेवढंच नव्हतं. आमच्या नात्यातल्या लग्नांमध्ये माझी जागा वर्षानुवर्षं ठरलेली असायची, ती म्हणजे बिनहातांची खुर्ची. हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसू शकत होते, उठू शकत नव्हते. एकदा पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला उठले तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. मागच्या रांगेतल्या लोकांनी नवरानवरीच्या नावाने तिच्यावरही अक्षता टाकल्या. त्यानंतर मी लग्नाला गेले की यजमान आधी खुर्ची शोधायचे, मग माझं स्वागत करायचे.

नऊ वर्षांपूर्वी नागपूरला माझं ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग बाजूला टाकून एक छोटी पिशवी तेवढी ठेवली आणि आतड्याला वळसा देऊन ती त्याला जोडली. लोक याला दुसरा जन्म म्हणतात. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. दुसऱ्या जन्माची पुस्तकं कोणत्या कपाटात ठेवतात ते मला माहीत आहे, आणि तिथली धूळही. माझा जन्म पहिलाच चालू आहे. फक्त त्यात आता रोज सकाळी गोळ्या आहेत, ठरावीक काळाने बी-बाराचं इंजेक्शन आहे, दरवर्षी रक्ताची तपासणी आहे. पहिल्या वर्षी केस मूठमूठ गळले, मग पुन्हा आले, जरा कुरळे होऊन. दंडाखाली सैल कातडी लोंबते, म्हणून ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत. लॉकडाऊनमध्ये घरी बसून काही किलो परत आले. ते अजून गेलेले नाहीत आणि आता जातील असं मलाही वाटत नाही. पण गुडघे माझे आहेत, जिना माझा आहे आणि खुर्ची कुठलीही चालते.

जेवणाचे नियम मात्र जन्मभराचे. थोडं खायचं, हळू खायचं. आधी डाळ, अंडं, पनीर. पोळी-भात नंतर, जागा उरली तर. जेवताना पाणी नाही. पाणी अर्ध्या तासाने. आणि गोड जपून. गोडाचे चार मोठे घास एकदम पोटात गेले की माझं आतडं त्याचा सूड घेतं. आधी घाम, मग छातीत धडधड, मग डोळ्यांपुढे अंधारी. एका दिवाळीत मोहाने वाटीभर बासुंदी खाल्ली आणि तासभर देवघरासमोर आडवी पडले होते. शेजारणीला वाटलं, मी साष्टांग नमस्कार घालतेय. तिने बाहेर जाऊन माझ्या भक्तीची बरीच तारीफ केली.

म्हणून लग्न ठरलं तेव्हा मी मुलीकडच्यांकडे एकच मागणी केली. ईनीची पंगत नको. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात. लग्न लागल्यावर मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, तिचे पाय धुवायचे, ताटाभोवती रांगोळी काढायची आणि मुलीच्या आईने स्वतःच्या हाताने पक्वान्नं वाढायची, असा तो सोहळा. बाकीच्या बायका बाजूला बसून ईनीच्या खादाडपणावर गाणी म्हणतात. माणसाने माणसाचे पाय धुण्याबद्दल माझी मतं आधीपासूनच वाईट होती. पोटाचं कारण नंतर मिळालं.

मी मुलाला सांगितलं, त्याने मुलीला सांगितलं, मुलीने तिच्या आईला एवढंच सांगितलं की सासूबाई फार कमी जेवतात. आई "हाव" म्हणाली, म्हणजे हो. मी निश्चिंत झाले. चूक माझ्याच हिशेबात होती. वऱ्हाडात जेवायला बसण्याआधी प्रत्येक माणूस "मी कमीच जेवतो" असं सांगतो आणि मग चार रोडगे वांग्याच्या भाजीत कुस्करतो. या वाक्याला आमच्याकडे कुणी माहिती समजत नाही. हात धुण्यासारखीच ती एक तयारी असते.

तर लग्न लागलं, फोटो झाले आणि मला एका खोलीत नेण्यात आलं. दार उघडलं आणि मी पाहिलं. पाट, समई, ताटाभोवती झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी, उदबत्ती. ताटात पुरणाच्या पोळ्यांची चळत, वाटीभर तूप, वडा-भात, कोथिंबिरीची सांबारवडी, कढी, बुंदी, शिरा. मुलीची आई तांब्या घेऊन पाटाजवळ बसली होती. शेतकऱ्याघरची, काळीसावळी, कमी बोलणारी बाई. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं आणि स्वतःच्या पदराने ते पुसले. एकुलती एक मुलगी. त्या क्षणी माझी मतं मी गिळली. खाण्यातलं तेवढंच सहज गेलं.

मी बसले. बायकांनी गाणी सुरू केली. कढीतला वडा मोडून खाल्ला, चमचाभर भात, एक सांबारवडी, पोळीचा रुपयाएवढा तुकडा तुपात बुडवून. पोळी अशी होती की जिभेवर ठेवताच विरघळू लागली. मी डोळे मिटून तो तुकडा बराच वेळ तोंडात ठेवला. मग हात थांबवला. माझी पिशवी भरली होती.

गाणीही थांबली.

"घ्या नं, ईनबाई," मुलीची आई म्हणाली.

"पोट भरलं हो. खूप छान झालंय सगळं."

मुलीची आत्या तिच्या मागे उभी होती. मोठ्या आवाजाची, मोठ्या कुंकवाची, त्या घरातली सगळी कार्यं निभावणारी बाई. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "रुसल्या बाप्पा ईनबाई."

आता ईनीने रुसणं हीसुद्धा आमच्याकडे एक रीत आहे. काही घरांत तर ईन कधी रुसते याची वाटच पाहतात. ईन जेवत नाही म्हणजे तिला काहीतरी कमी पडलं आहे, आणि काय कमी पडलं ते ती सांगणार नाही, ते ओळखायचं असतं. म्हणजे त्या क्षणापासून मी काहीही बोलले तरी त्याचा अर्थ एकच होणार होता.

"नाही हो, मला काही नको."

"पाह्यलं? म्हणते, काई नोको," आत्या मुलीच्या आईला म्हणाली. "साडी पसंत नाई पडली वाटते. मी म्हणत होती, मोरपंखी घ्या म्हून."

"साडी सुंदर आहे."

"मंग चांदीची वाटी पायजे असन ताटात. जाय वं, आण थे कपाटातली."

वाटी आली. मी हात जोडले. हात जोडणं जास्तच गंभीर ठरलं. कुणीतरी बाहेर जाऊन मुलीच्या वडिलांना बोलावून आणलं. ते दाराशी फेटा काढून उभे राहिले. "मांडवात कोणी काई बोललं का जी तुमाले? आमचं काई चुकलं असन तर सांगा." त्यांच्या मागे मांडवातली माणसं गोळा व्हायला लागली. माझा नवराही होता त्यांच्यात. तो माझ्याकडे पाहत होता आणि ओठ दाबून हसू आवरत होता, याबद्दल नंतर घरी चर्चा झाली.

मला हसू येत नव्हतं. मुलीच्या आईने बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली होती. काढण्यासाठी. आणि तिच्या मागे, खिडकीपाशी, मुंडावळ्यांसकट नवी सून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. संध्याकाळी ती माझ्याबरोबर अमरावतीला येणार होती. तिच्या आईने पुढची तीस वर्षं जर काही आठवायचं असेल तर ते हे: लेकीच्या लग्नात ईन रुसली आणि बोटातली अंगठी काढून द्यावी लागली. मुलीनेही तेच आठवायचं. मग मी किती चांगली वागले तरी उपयोग नव्हता.

मी पोळीची घडी उचलली. सगळी खाऊन टाकावी, घाम येईल, पडेन, पण नंतर पडेन. निदान बायकांची खात्री पटेल. घडी तोंडाजवळ नेली तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"आई, नोका खाऊ तुमी."

सून पुढे आली होती. ती मला पहिल्यांदाच आई म्हणाली होती, आणि तेही मनाई करताना. मला एकदम फार बरं वाटलं. मी पोळी खाली ठेवली आणि मुलीच्या आईचा अंगठीवाला हात धरला.

"ऐका," मी म्हटलं. "मी रुसले नाही. माझं पोट ऑपरेशन करून लहान केलंय. एवढंसंच आहे." मी मूठ दाखवली. "आता जे खाल्लं ना, ते माझं पूर्ण जेवण होतं. आणि इतकी चांगली पोळी मी नऊ वर्षांत खाल्लेली नाही."

आत्याने माझी मूठ निरखून पाहिली.

"काहून? रोग होता काई?"

"वजन होतं."

"वजनासाठी पोट कापलं?"

"हो."

"अन् मंग पोट मोठं होत नाई का परत?"

"थोडं होतं. जपावं लागतं."

"आता किती जेवता तुमी? समजा, भाकर."

"अर्धी. पातळ असली तर."

"अर्धी," आत्या म्हणाली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "अर्धी भाकर." खोलीत हळहळ पसरली. कोणी गेल्यावर पसरते तशी. एका म्हातारीने विचारलं, खूण दिसते का. दुसरीला तिच्या सुनेचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. पुरुषांना काय चाललंय ते कळेना, ते हळूहळू मांडवाकडे सटकले. मुलीच्या आईने अंगठी पुन्हा घट्ट बसवली आणि पदराने डोळे पुसले. "पोरीनं सांगतलं होतं जी," ती म्हणाली, "कमी जेवता म्हून. मले वाटलं, सारेच म्हणते तसं."

सगळं मिटलं असं मला वाटलं. पण आत्या जागची हलली नव्हती.

"थे समजलं," ती म्हणाली. "पण ताट? ईनीचं ताट भरलेलं उचलत नाई आमी. आजवर उचललं नाई."

उत्तर सुनेकडे होतं. तिने मुंडावळ्या मागे सारल्या, शालू आवरला आणि माझ्यासमोर, ताटाच्या पलीकडच्या बाजूला, मांडी घालून बसली.

"मी सकायपासून उपाशी हाये," ती म्हणाली. "नवरीले कोणी इचारतच नाई." आणि तिने मी तुकडा मोडलेली पोळी उचलली.

ती जेवली. मी आयुष्यात अनेक गोष्टी आनंदाने पाहिल्या आहेत, पण इतकं काही मन लावून क्वचितच पाहिलं असेल. तूप मनगटापर्यंत ओघळलं, तिने ते चाटलं. वडा-भातावर कढी ओतली. बुंदी शिऱ्यात मिसळून खाल्ली, जे मी तिच्या वयाची असताना करायचे आणि मार खायचे. बायकांनी गाणी पुन्हा सुरू केली, आता सुनेच्या खादाडपणावर. मधेच तिने मान वर करून विचारलं, "कशी लागली होती तुमाले पोळी?" मी तिला जायफळाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "आई थोडंच टाकते, पण ताजं किसते." आम्ही दोघी त्या जायफळावर बराच वेळ बोललो. ताट रिकामं झालं. आत्याने ते वाकून पाहिलं आणि स्वतः उचललं.

"आता पाणी घ्या, ईनबाई."

"आत्ता नाही. अर्ध्या तासाने."

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

पाठवणी झाली. मुलीची आई रडली, मुलगी रडली, मीही रडले, जे माझ्या तत्त्वांत बसत नाही. गाडी सुरू झाली. सून माझ्या शेजारी बसली होती, शालूला अजून तुपाचा वास होता. फाटकापाशी गाडी गचकन थांबली. कुणीतरी काच ठोकत होतं. मी काच खाली केली. आत्या होती, धापा टाकत, हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास.

"झाला अर्धा घंटा," ती म्हणाली. "प्या."

मी घोट घोट करत सगळं पाणी संपवलं. तोवर मागच्या बसचा हॉर्न वाजत राहिला.